मांजरीचे गुरुवार

वर्तमानपत्रातली नोकरी सुटल्यावर सदाशिव पेठेतल्या एका समाजकार्य संस्थेत मला अहवालांची भाषा दुरुस्त करण्याचे काम मिळाले. लांब वाक्ये तोडायची, इंग्रजीतून उचललेली शब्दरचना काढायची, एकाच पानात एक गोष्ट तीनदा सांगितली असेल तर दोनदा खोडायची. काम मानवले. पुढे एका अभ्यासाला माणसे कमी पडली आणि मला मुलाखती घ्यायला पाठवायचे ठरले. लष्करातून निवृत्त झालेल्या जवानांना नोकरीनंतर कोणता आधार लागतो, हा विषय होता. मला समाजशास्त्र येत नाही, असे मी सांगून पाहिले. प्रकल्पप्रमुख म्हणाले, “ते आमच्याकडे भरपूर आहे. आपण फक्त माणूस बोलेल ते जसंच्या तसं लिहून आणा.”

अभ्यासामागे एक साधा प्रश्न होता. संस्थेने पुण्याजवळच्या मांजरी गावात प्रयोग म्हणून एक खोली चालवली होती. खोली तिथल्या माजी सैनिकांच्या संघटनेची होती. दर गुरुवारी दुपारी संस्थेची समुपदेशक बसने जाऊन तिथे बसे आणि ज्याला बोलायचे असेल तो येऊन बोले. ही खोली चालू ठेवायची की बंद करायची, हे अभ्यासावर ठरणार होते. अनुदान देणाऱ्यांचे तसे पत्र होते. माजी सैनिकांना अडचणी आहेत असे दिसले तर खोली चालू राहणार, नाही दिसले तर बंद. समुपदेशकाने कोण काय बोलले याची टिपणे ठेवली होती, पण ती गोपनीय होती. तिच्या वहीतून बाहेर दाखवण्यासारख्या फक्त हजेरीच्या रेघा होत्या.

मांजरीत तेव्हा उसाच्या फडांना लागून इमारती उठत होत्या. त्यांच्या फाटकांवर उभे असलेले बरेचसे पहारेकरी माजी सैनिकच होते. काही जण तर भावकीने विकलेल्या जमिनीवरच्या इमारतीला पहारा देत होते. त्याबद्दल फॉर्ममध्ये प्रश्न नव्हता.

फॉर्म चौदा पानांचा होता. झोप, राग, दारू, घरातले बोलणे, शेजाऱ्यांत मिसळणे, एकटे बसावेसे वाटणे. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरे: नेहमी, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. पहिल्या आठवड्यात मी जितक्या मुलाखती घेतल्या त्या सगळ्यांत जवळजवळ सगळीकडे ‘कधीच नाही’ हेच उत्तर आले. माणसे इस्त्रीचा शर्ट घालून बसत. पाठ खुर्चीला टेकलेली नसे. मी प्रश्न वाचायचे, ते उत्तर द्यायचे, मी खूण करायचे. अर्ध्या तासाला नेमलेली मुलाखत पंधरा मिनिटांत संपे.

पत्रकार परिषदेत जो माणूस प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो त्याची तयारी आधी झालेली असते, हे मला ठाऊक होते. तरी मी खुणा करत गेले. उत्तरे स्पष्ट होती. अवतरणात घालावीत इतकी स्पष्ट.

दुसऱ्या आठवड्यात एका निवृत्त नाइकाशी बोलताना माझ्या हातून दोन पाने एकदम उलटली गेली. मी पुढचा प्रश्न वाचला. नाईक थांबले, जरा संकोचले आणि म्हणाले, “मॅडम, मधलं पान राहिलं.”

मी पाने मागे घेतली. खरोखरच राहिले होते. तुम्हाला कसे कळले, असे विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितले की संघटनेच्या खोलीत दोन वेळा तयारी झाली आहे. सुभेदारसाहेबांनी घेतली. फॉर्म त्यांच्याकडे आहे.

फॉर्म त्यांच्याकडे आमच्याच कार्यालयातून गेला होता. मुलाखतींना परवानगी मागणाऱ्या पत्राला नमुना प्रत जोडायची, ही आमच्याकडची जुनी पद्धत. कारकुनाने ती जोडली. पाकिटावर संघटनेच्या अध्यक्षांचे नाव होते. अध्यक्ष म्हणजे हे निवृत्त सुभेदार.

मी त्यांना भेटायला गेले. साठी ओलांडलेले, बारीक, हजामत घोटून केलेली. त्यांनी काही लपवले नाही. लपवण्यासारखे त्यांना त्यात काही वाटतच नव्हते. पलटणीत दरबार भरतो, त्यांनी मला समजावून सांगितले. मोठे साहेब सगळ्या जवानांसमोर बसतात आणि विचारतात, कोणाला काही अडचण? पण दरबार भरायच्या आधी सुभेदाराने सगळ्यांना एकत्र करून ठरवलेले असते, की काय विचारायचे, काय नाही. घरातले घरात मिटवायचे असते. बाहेरच्या माणसासमोर एकाही जवानाने ढिले उभे राहायचे नसते. इथे तर शहरातली संस्था चौदा पाने घेऊन येणार होती.

“मॅडम, आम्हाला ती खोली पाहिजे आहे,” ते म्हणाले. “ती बाई आल्यापासून आमच्या चार माणसांना फरक पडला. आता तुम्ही तपासणीला आलात. तपासणीत माणसं खराब निघाली तर साहेब लोक काय म्हणतील? एवढे महिने बाई पाठवली, उपयोग काय झाला? बंद करा. म्हणून मी सांगितलं, एकानेही मार्क घालवायचे नाहीत.”

मी त्यांना सांगितले की हिशेब बरोबर उलटा आहे. अडचण दिसली तरच खोली राहील.

ते हसले. “म्हणजे नापास झालं की बक्षीस?”

मी पुन्हा सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, चहा मागवला आणि विषय बदलला. जवानांना पुन्हा बोलावून वेगळे सांगण्याचा प्रश्न त्यांच्या दृष्टीने नव्हताच. एकदा दिलेला रिपोर्ट बदलायचा नसतो, एवढे ते म्हणाले. आणि खरे सांगायचे तर, मी बोलले तेवढेही नियमाला धरून नव्हते. मुलाखतकाराने उत्तराचा परिणाम काय होईल हे उत्तरदात्याला सांगू नये, असे आमच्या प्रशिक्षणाच्या टिपणात पहिल्याच पानावर होते. सुभेदारांशी बोलून परतताना माझ्या मनात त्या नियमभंगाचीच जास्त काळजी होती.

पुढची मुलाखत एका निवृत्त हवालदारांची होती. ते एका नव्या सोसायटीच्या फाटकावर पहारेकरी होते आणि गावठाणात दोन खोल्यांत राहत होते. बायको, म्हातारी आई. नववीतली मुलगी होती, पण ती लोणीला मामाकडे असते, असे कळले. का, हे फॉर्ममध्ये विचारायचे नव्हते.

प्रश्न सुरू झाले. त्यांची बायको आतल्या दारात उभी राहून लसूण सोलत होती. झोपेच्या पानावर आम्ही पोचलो. आपल्यामुळे घरातल्यांच्या झोपेत अडथळा येतो का, असा एक प्रश्न त्यात होता.

“कधीच नाही,” हवालदार म्हणाले.

“खरं सांगा की,” दारातून आवाज आला.

हवालदारांनी तिकडे पाहिले नाही. माझ्याकडेही पाहिले नाही. समोरच्या भिंतीकडे पाहत त्यांनी तेच उत्तर पुन्हा दिले, पहिल्यापेक्षा जरा मोठ्याने.

त्या वेळी मी पेन खाली ठेवून त्यांना सांगू शकले असते, की हवालदारसाहेब, ह्या खुणेवर तुमचा गुरुवार जाणार आहे. सुभेदारांना सांगितले होते, यांनाही सांगता आले असते. पण एकदा नियम मोडल्याची बोच ताजी होती. मी खूण केली.

निघाले तेव्हा बायको बसथांब्यापर्यंत सोबत आली. रस्त्यात तिने सगळे सांगितले. हवालदार उंचावरच्या बर्फातल्या चौकीवर होते. तिथे त्यांच्या तुकडीतले दोघे झोपले आणि उठले नाहीत. निवृत्त होऊन घरी आल्यापासून घरात कोणी झोपलेले त्यांना पाहवत नसे.

“उठवत्यात, ताई. मला उठवत्यात, पोरीला उठवत्यात. दुपारी सासूबाईचा डोळा लागला तरी खांदं धरून हलवत्यात. मारत न्हाईत, ओरडत न्हाईत. नुसतं उठवत्यात. पोरगी शाळंत बाकावर झोपाया लागली. मास्तरनी बोलावून विचारलं, घरी काम करून घेता का? काय सांगू? दिली भावाकडं धाडून.”

गुरुवारी खोलीत जायला लागल्यापासून फरक होता. झोपलेल्या माणसाच्या अंगाला हात लावायचा नाही, लांब उभे राहायचे, छाती वरखाली होते आहे का पाहायचे आणि शंभरपर्यंत आकडे मोजायचे, असे समुपदेशकाने त्यांना शिकवले होते. पहिल्यांदा त्यांना तीसच्या पुढे जाता येत नव्हते. आता कधी कधी शंभर पुरे होत आणि ते परत फिरत. गुरुवार चुकला की पुन्हा तीसवर येत. असेच चालले तर दहावीला मुलीला घरी आणायचे, असे दोघांनी ठरवले होते. तारीख धरली नव्हती, पण तिच्या कोपऱ्यात टेबल आणून ठेवले होते.

“हे लिवा,” ती म्हणाली. “त्यांचं ऱ्हाऊ द्या. माझं लिवा.”

मी तिला सांगितले की फॉर्म उत्तरदात्याचा असतो, घरच्यांचा नाही. ती म्हणाली, “आन् उठवत्यात कुणाला? त्यांना का मला?”

मी घरी येऊन तिचे बोलणे एका वेगळ्या कागदावर लिहिले, जसेच्या तसे, आणि फॉर्मला टाचणी लावून जोडले.

दुसऱ्या दिवशी कागद आणि तयारीची हकिकत दोन्ही प्रकल्पप्रमुखांपुढे ठेवली. ते संतापले नाहीत. कागद त्यांनी पूर्ण वाचला. चांगले लिहिले आहे, असेही म्हणाले. मग त्यांनी अडचणी सांगितल्या. टाचणीने लावलेला कागद तक्त्यात कुठे भरणार? एका घरच्या बायकोला विचारले तर सगळ्यांच्या बायकांना विचारावे लागेल, तशी पद्धत आराखड्यात मंजूर नाही. मुलाखती पुन्हा घ्यायच्या तर मुदत वाढवून मागावी लागेल आणि फॉर्म आपणच पाठवला हे लिहून द्यावे लागेल. मी म्हणाले, हजेरीच्या रेघा तर आहेत, माणसे येत होती. ते म्हणाले, “येत होती, पण अडचण नाही म्हणतात. याचा अर्थ विरंगुळा. विरंगुळ्याला मंडई आहे, तिथे भाजीपण मिळते.”

शेवटी एक तडजोड झाली. अहवालात तळटीप द्यायची. ती मीच लिहिली, कारण भाषा माझ्याकडे होती. ‘उत्तरदात्यांच्या काही उत्तरांवर सामाजिक अपेक्षांचा प्रभाव असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ वाक्य एका ओळीत बसले. त्यात कोणी तयारी घेतली, कोणी फॉर्म पाठवला, कोणी खूण केली, काहीच नव्हते. असे वाक्य लिहायला वर्तमानपत्रात आठ-दहा वर्षे घालवावी लागतात.

निष्कर्षही मीच मराठीत आणले. माजी सैनिकांचे नागरी जीवनात समाधानकारक समायोजन झाल्याचे आढळते. मांजरी येथील साप्ताहिक उपक्रम पुढे चालवण्याची निकड दिसून येत नाही. ‘समायोजन’ शब्द काढून ‘जम बसला आहे’ असे मी सुचवले होते. ते मान्य झाले नाही.

माझ्या जुन्या वर्तमानपत्रात अहवालाची बातमी आली. निवृत्त जवान समाधानी, असा मथळा होता. कोणा नव्या उपसंपादकाने दिला असावा. त्या खुर्चीवर मी असते तर तोच दिला असता. एका कॉलमात नेमका बसतो. त्या दिवशी दुपारी सुभेदारांचा फोन आला. त्यांनी आभार मानले. कात्रण खोलीतल्या फळ्यावर लावले आहे, म्हणाले. जवानांना पेढे वाटले. फक्त एक विचारायचे होते. गेल्या गुरुवारी बाई आल्या नाहीत. तब्येत बरी आहे ना?

मी त्यांना खोली बंद झाल्याचे सांगितले. मग त्यांनी कार्यालयाची वेळ विचारली.

ते दोन दिवसांनी आले. निळा कोट, त्यावर पदके. बूट दाराबाहेर काढून ते प्रकल्पप्रमुखांच्या टेबलापुढे उभे राहिले. बसा म्हटल्यावरही बसले नाहीत.

“साहेब, ते फॉर्म रद्द समजा,” ते म्हणाले. “जवानांची चूक नाही. ऑर्डर माझी होती. जी काय कारवाई असेल ती माझ्यावर करा.”

प्रकल्पप्रमुखांनी त्यांना आदराने वागवले. कारवाईचा प्रश्नच नाही, म्हणाले. अहवाल छापून गेला आहे, अनुदान दुसऱ्या कामाकडे वळले आहे, पुढे कधी असा अभ्यास झाला तर आपण सर्वांनी मोकळेपणाने बोलावे.

“पुढचा कधी?”

ते आमच्या हातात नाही, असे उत्तर मिळाले. चहा आला. सुभेदारांनी तो उभ्यानेच प्यायला आणि कप स्वतः बाहेर नेऊन ठेवला.

मी जिन्यापर्यंत गेले. बूट घालताना वाकलेले असतानाच ते म्हणाले, “तुम्ही मला सांगितलं होतं. मी हसलो.” मग सरळ उभे राहून त्यांनी विचारले, “पण तुम्हाला माहीत होतं. तुम्ही तसंच कसं लिहिलं?”

मी म्हणाले, तसा नियम आहे. नियम म्हटल्यावर त्यांनी पुढे वाद घातला नाही. मला तेवढे बोलणे पुरेसे वाटले, याचे नंतर नवल वाटले.

समुपदेशकाने काही आठवडे स्वतःच्या सुटीच्या दिवशी मांजरीला जाऊन पाहिले. मग तिला दुसऱ्या प्रकल्पावर नाशिकला पाठवले. संघटनेने खोली एका क्लासला भाड्याने दिली.

मुलगी दहावीला घरी आली नाही. दिवाळीच्या सुटीत आठ दिवसांसाठी म्हणून आणून पाहिली होती. पाचव्या दिवशी मामा येऊन घेऊन गेला. हे मला हवालदारांच्या बायकोने सांगितले. पत्ता विचारत ती माझ्या घरी आली होती. दहावीत मुलीला बरे गुण पडले होते. मामाच्या घरी आता सून येणार होती आणि जागा नव्हती. सदाशिव पेठेत मुलींचे एक वसतिगृह आहे, तिथे ओळख आहे का, एवढेच तिला हवे होते. झाल्या गोष्टीबद्दल ती काही बोलली नाही. तिने मला बोल लावला असता तर सोपे गेले असते.

ओळख होती. वसतिगृहाच्या बाईंनी मांजरी म्हटल्यावर भुवया उंचावल्या. पुण्यात घर असलेल्या मुलीला खोली कशाला, म्हणाल्या, बस थेट येते की. मुलीच्या आईने माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, घरी अभ्यासाला जागा नाही. ते त्यांना पटले. मुलीला दुसऱ्या मजल्यावर तिघींत एक खाट मिळाली.

वसतिगृह माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून आहे. भेटीची वेळ रविवारी सकाळी दहा ते अकरा. पुरुषांना आत जाता येत नाही, वडिलांनाही फाटकापाशी थांबावे लागते. एका रविवारी भाजी घेऊन परतताना मला हवालदार तिथे दिसले. पहाऱ्याचा गणवेश घरी ठेवून आले होते. पांढरा शर्ट, हातात डब्याची पिशवी. मुलगी खाली आली. तिचे केस ओले होते. दोघे फाटकाच्या दोन बाजूंना उभे राहिले. त्यांनी मला पाहिले आणि मान लववली. रस्ता अरुंद होता, मला त्यांच्याजवळूनच जावे लागले.

पिशवी देऊन झाल्यावर त्यांनी मुलीला विचारले, “झोप होते का?”

“होते,” ती म्हणाली.

“पुरती?”

“हो, पप्पा.”

अकरा वाजायला अजून बराच वेळ होता. वसतिगृहाच्या बाई व्हरांड्यात येऊन पाहून गेल्या. मुलगी डबा उघडून आत काय आहे ते पाहत होती. हवालदार तिच्याकडे पाहत उभे होते, मग म्हणाले की झोप होते आहे तर होऊ दे, आता निघतो, ड्युटी आहे, आणि पुढच्या रविवारी आईच येईल, मी नाही.